रुमालाचा उंदीर कसा करायचा? आई-बाबांच्या गमती, कृतीसकट

आई, बाबा, आजोबा, मामा यांनी लहानपणी दाखवलेल्या गमती सगळ्यांनाच आठवतात. केळं सोलावं तर आत आधीच काप झालेले, कोऱ्या कागदावर इस्त्री फिरवावी तर नाव उमटलेलं, रुमालाचा उंदीर टुणकन उडी मारून दंडावर चढलेला. पण तीच गंमत आपल्या घरातल्या मुलाला दाखवायची वेळ आली की हात अडतो. रुमाल आधी कुठून दुमडायचा? रस वाळू द्यायचा तो किती वेळ? म्हणून हा धागा. 'एकदा काय झालं' अशा आठवणी इथे नकोत. साहित्य, माप, क्रम, कुठे फसतं आणि का फसतं, कोणत्या वयाला दाखवावी एवढंच लिहा. ज्याला जे हातखंडा येतं त्याने ते वर आपलं टोपणनाव घालून सांगावं.

सुरुवात मीच उंदरापासून करते.

रुमाल पुरुषांचा, सुती, चौकोनी, 40 ते 45 सेंमीचा. मध्ये तिरपा दुमडून त्रिकोण करा. लांब बाजू आपल्याकडे, टोक समोर. उजवं आणि डावं टोक मधोमध आणा आणि एकमेकांवर दोन-तीन बोटं चढू द्या. आता आपल्याकडच्या बाजूने घट्ट गुंडाळत वर जा. वरचा त्रिकोण चार-पाच बोटं उरला की थांबा. सगळं पालथं करा, म्हणजे वळकटी खाली जाईल. वळकटीची दोन्ही टोकं मध्ये आणून एकावर एक ठेवा. उरलेला त्रिकोण त्यावरून खाली आणून वळकटीच्या फटीत खोचा. इथपर्यंत हातात एक लहान गाठोडं तयार होतं.

पुढची पायरी लोक विसरतात. दोन्ही अंगठे फटीत घालून गाठोडं मोज्यासारखं उलटं करत राहायचं. एकदा उलटून भागत नाही, तीन-चार वेळा गुंडाळी बाहेरून आत फिरवावी लागते. मग आतून रुमालाची दोन टोकं आपोआप बाहेर येतात. एक टोक पिळून शेपटी. दुसरं टोक फाकवलं की त्याला दोन कोपरे दिसतात, त्या कोपऱ्यांची एक गाठ मारली की गाठीचं तोंड होतं आणि कोपऱ्यांचे कान.

उडीचं गुपित असं: उंदीर डाव्या तळहातावर, तोंड मनगटाकडे, शेपटीकडची बाजू मधल्या दोन बोटांवर. उजव्या हाताने पाठ कुरवाळायची आणि त्याच वेळी मधली दोन बोटं झटकन आत वळवायची. उंदीर हातावरून कोपराकडे झेपावतो. उजवा हात किंचित घुमटासारखा धरला तर डाव्या बोटांची हालचाल झाकली जाते.

माजघर

उंदराबद्दल एक भर. टेरिकॉटचा किंवा सॅटिनचा रुमाल घेतला तर गुंडाळी निसटते, कारण कापडाला कापड धरत नाही. नवा कोरा रुमाल कांजीमुळे कडक असतो, तो उलटताना फुगतो. दोन-चार धुण्यांतून गेलेला मऊ रुमाल सर्वांत चांगला. मुलांचा 25-30 सेंमीचा रुमाल घेतला तर शेपटी निघते पण तोंडाला कापड उरत नाही.

शिवाय उडी पहिल्याच मिनिटाला मारायची नाही. आधी उंदीर नुसता ठेवायचा, कुरवाळायचा, 'झोपलाय, हळू बोल' म्हणायचं. मूल वाकून बघू लागलं की मग झटका. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र आधी उंदीर हातात देऊन ओळख करून द्यावी, नाहीतर दचकून रडतं.

सोनचाफा

सालीतल्या सालीत कापलेलं केळं:

केळं पिकलेलं, सालीवर तपकिरी ठिपके यायला लागलेलं. ठिपके हवेतच, कारण सुईची भोकं त्यांत लपतात. बाजारात नेहमी मिळणारं 17-18 सेंमीचं लांब केळं घ्यावं. वेलची केळं फार बारीक, त्यात दोन-तीनच काप होतात आणि साल फाटते.

सुई गोधडीची, निदान 6 सेंमी लांब. उकळत्या पाण्यातून काढून पुसून घ्या. केळ्याच्या सालीला जे कंगोरे असतात त्यांतल्या एकावर सुई टोचा. समोरची साल टोकाला जाणवली की थांबा, आरपार जाऊ देऊ नका. आता भोक हाच खुंटा धरून सुई आतल्या आत डावीकडे-उजवीकडे पंख्यासारखी फिरवा. गर कापला जातो, साल शाबूत राहते. अडीच-तीन सेंमी सोडून पुढचं भोक. पाच भोकांत सहा तुकडे.

मग केळं मुलाच्या हातात द्यायचं आणि हवेत बोटाने काप मारायचे, मोठ्याने मोजत. इथे लोक चुकतात. भोकं पाच असतील तर हवेतले कापही पाचच हवेत. मुलं तुकडे मोजतात, अगदी न चुकता.

फसायच्या जागा दोन. कच्च्या केळ्याचा गर घट्ट असतो, सुई वाकते. आणि दोन तास आधी करून ठेवलं तर भोकाभोवती व कापाच्या रेषेवर गर काळा पडतो, कारण कापलेल्या पेशींमधल्या विकरांना हवा लागते. दाखवायच्या अर्धा तास आधी करा. आणि काम झालं की सुई सुईदाणीत परत गेली का, ते आधी बघा, मग केळं हातात द्या.

हातचा एक

आकड्यांची गंमत कुणी लिहिलेली दिसली नाही, म्हणून लिहितो. ही आपल्या मातीतली आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1905 साली डहाणूला जन्मले आणि देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. 6174 या आकड्याचा गुणधर्म त्यांनी 1949 मध्ये शोधला. घरात दाखवायला यासारखी गंमत नाही, कारण हातचलाखी काहीच नाही आणि तरी मूल थक्क होतं.

मुलाला चार अंकी संख्या मनात धरायला सांगा. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्याखाली चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करायची. उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येतं आणि मग तिथेच अडकतं.

समजा 3524 धरली. 5432 वजा 2345, उत्तर 3087. मग 8730 वजा 0378, उत्तर 8352. मग 8532 वजा 2358, झाले 6174. तीनच पायऱ्या. 2025 धरली तर सहा लागतात: 4995, 5355, 1998, 8082, 8532, 6174.

कुठे फसतं? शून्य गाळल्यावर. मुलाने 2111 धरली तर पहिली वजाबाकी 2111 वजा 1112, उत्तर 999. हे 0999 असंच लिहायला हवं. शून्य सोडलं तर पुढे 999 वजा 999 म्हणजे शून्य येतं आणि सगळं कोसळतं. म्हणून सुरुवातीलाच चार चौकटी आखून द्या, एकेका चौकटीत एकेक अंक.

दुसरी चूक हातच्याची. मुलाच्या कागदात न डोकावता ती पकडता येते. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज 9च्या पटीत यायलाच हवी. 'बेरीज किती आली तेवढं सांग' असं विचारायचं. 18 किंवा 27 म्हणालं तर ठीक. 17 म्हणालं तर 'पुन्हा एकदा तपास' म्हणायचं. आपण बघितलंही नाही आणि चूक कळली, याचंच मुलाला निम्मं आश्चर्य वाटतं.

तिसरी-चौथीच्या मुलाला चार अंकांचा कंटाळा येत असेल तर तीन अंकांवर करा, तिथे शेवट 495ला होतो. 

कोळसा-पाटी

हातचा एक, 6174 प्रकट करायची रीतही चांगली हवी. आधीच लिहून ठेवलेली चिठ्ठी काढून दाखवली तर मूल म्हणतं 'तू हे आधीच लिहिलं होतंस', आणि ते खरंच असतं. त्यापेक्षा राखेने हातावर उमटवा.

हाताची आतली बाजू, जिथे केस कमी असतात ती, साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. काडीच्या टोकाने अगदी थोडं व्हॅसलीन घेऊन 6174 लिहा. आकडे मोठे, एकेक अंक दोन बोटं रुंद. मग टिश्यूने हलकेच टिपा म्हणजे चमक जाते. मुलाचा हिशोब संपला की त्याला उत्तर एका चिठ्ठीवर लिहायला सांगा, चिठ्ठी तुम्ही ताटलीत जाळा, राख गार होऊ द्या आणि चिमूटभर घेऊन हातावर चोळा. राख तेलकट रेषांनाच चिकटते. बाकीची फुंकरीने उडते आणि आकडा काळा दिसतो.

हात घामेजलेला असेल तर राख सगळीकडे चिकटून नुसता डाग होतो. उन्हाळ्यात हे फार होतं, पंख्याखाली पाच मिनिटं बसून मग करा. व्हॅसलीन जास्त झालं तर अंक पसरतात. घरात जाळपोळ नको असेल तर चिठ्ठी फाडून टाकायची आणि राखेऐवजी कोको पावडर वापरायची. वासावरून मूल 'हे चॉकलेट आहे' म्हणतं आणि गंमत वाढतेच.

माजघर

लिंबाच्या रसाने लिहिलेलं अक्षर सगळ्यांना माहीत आहे, पण हल्ली अनेकांचं फसतं आणि कारण लक्षात येत नाही. कारण दिवा. पूर्वी 60 किंवा 100 वॉटच्या पिवळ्या बल्बवर कागद धरला की अक्षर उमटायचं. एलईडी दिवा तेवढा तापत नाही. त्यामुळे इस्त्रीच घ्या, वाफ बंद करून, सुती कापडाच्या तापमानावर. एका जागी न थांबता पाच-पाच सेकंद फिरवायची आणि उचलून बघायचं.

रसात दोन-तीन थेंब पाणी घाला, दाट रस वाळल्यावर चकाकतो. लिहायला उदबत्तीची काडी, टोकाला कापूस न गुंडाळता. बॉलपेनाचं रिकामं टोक वापरू नका, कागदावर ओरखडा उठतो आणि गुपित तिरप्या उजेडात कळतं. निदान वीस मिनिटं वाळू द्या. ओला कागद सुरकुततो आणि सुरकुती इस्त्रीने जाते पण अक्षराभोवती वलय राहतं.

रसातले पदार्थ कागदाच्या आधी करपतात, म्हणून अक्षर तपकिरी दिसतं. दूध किंवा कांद्याचा रसही चालतो. कांद्याचा वास लपत नाही, एवढंच.

हळकुंड

आगीशिवाय, इस्त्रीशिवाय तेच करायचं असेल तर हळद. अर्धा चमचा खायचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवा. त्या पाण्याने कोऱ्या, चकचकीत नसलेल्या कागदावर लिहा आणि वाळू द्या. दुसऱ्या वाटीत अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे अल्कोहोलवालं सॅनिटायझर. पाण्यात हळदीचा रंग नीट उतरत नाही, नुसती गाळासारखी तळाशी बसते, सॅनिटायझरमध्ये उतरतो. (जवळपास गॅस, निरांजन काही पेटलेलं नको.) कापसाच्या बोळ्याने कागदावर फिरवलं की कागद पिवळा आणि अक्षरं तांबूस.

मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप लावतात तो लाल का होतो, त्याचं कारण हेच. हळदीतला रंग आम्लात पिवळा असतो आणि अल्कलीत लाल होतो. सोड्याऐवजी धुण्याचा सोडा घेतला तर रंग जास्त गडद येतो, पण तो हाताला लागतो, मुलांकडे देऊ नये. चुन्याची निवळी तर डोळ्यांसाठी धोक्याची, ती टाळाच.

आता खरी मजा. लाल अक्षरांवर लिंबू पिळलेलं बोट फिरवलं की ती पुसली जातात. मुलाला वाटतं अक्षर खोडलं, पण तो फक्त रंग परत पिवळा झालेला असतो. पुन्हा सोड्याचं पाणी लावलं की जागा परत लाल. हे पाच-सहा वेळा होतं, मग कागदच विरतो.

नेहमीच्या पाकिटातली हळद काही वेळा काम देत नाही. तसं झालं तर घरी हळकुंड कुटून घेतलेली हळद वापरून बघा. कपड्यांना जपा. हळदीचा डाग साबणाने धुतला की आधी लालच होतो आणि घाबरायला होतं, उन्हात वाळवला की फिका पडतो.

खारीचा वाटा

अगदी लहानांसाठी, साहित्य शून्य.

नाक पळवणं: दीड ते तीन वर्षं. दोन बोटांच्या चिमटीत नाक धरल्यासारखं करायचं आणि अंगठ्याचं टोक बोटांमधून बाहेर काढायचं. नखाची बाजू आपल्याकडे ठेवा, मांसल बाजू मुलाकडे. नख दिसलं की संपलं. नाक परत लावायला विसरू नका, या वयाला ते खरोखर हवं असतं.

तुटलेला अंगठा: चार वर्षांच्या पुढे. डावा अंगठा पेरातून आत वळवायचा. उजवा अंगठाही वळवून त्याचं पेर डाव्या पेराला लावायचं आणि जोड उजव्या तर्जनीने झाकायचा. मग उजवा हात सरकवायचा. मूल बरोबर समोर हवं. बाजूला बसलेल्या भावंडाला सगळं दिसतं, म्हणून आधी त्याला सामील करून घ्या.

चौकट

दाराच्या चौकटीत उभं राहायचं, हात सरळ खाली. दोन्ही हातांच्या मागच्या बाजूंनी चौकट बाहेर ढकलायची, पूर्ण जोराने, सावकाश साठ मोजेपर्यंत. मग एक पाऊल पुढे येऊन हात सैल सोडायचे. हात आपोआप वर तरंगतात. 'आता तुला पंख फुटणार' एवढंच म्हणायचं.

याला कोनस्टाम परिणाम म्हणतात, जर्मन डॉक्टर ओस्कार कोनस्टाम यांनी 1915 मध्ये त्याचं वर्णन केलं. स्नायूंना बराच वेळ ताण दिल्यावर तो ताण सोडूनही ते काही क्षण आकुंचन पावत राहतात. कोपर वाकवलं तर होत नाही. वीस मोजून कंटाळलं तरी होत नाही. सहा वर्षांखालचं मूल तेवढा वेळ जोर लावत नाही, त्यामुळे त्या वयाला दाखवून निराश करू नये. चौकट अरुंद हवी, दोन्ही हात एकदम टेकायला हवेत. रुंद दार असेल तर एकेक हात करून भिंतीशी उभं राहा.

धाग्याचं दुसरं टोक

एक वेगळा मुद्दा मांडते. 'तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलं' ही थट्टा अनेक घरांत चालते आणि तिला गंमत म्हणतात. मला ती या धाग्यात नको वाटते. वरच्या सगळ्या गमतींत मुलाला शेवटी काहीतरी मिळतं: केळं, उंदीर, स्वतःचं नाव. शिवाय गुपित समजलं की ते मूल उद्या दुसऱ्याला दाखवू शकतं. बोहारणीच्या थट्टेत मुलाच्या हाती काही येत नाही, आणि तीन-चार वर्षांचं मूल ते शब्दशः खरं धरतं. तेवढ्या वयाला 'खोटं खोटं' हा भाग सांगावा लागतो, आपल्या हसण्यावरून त्याला कळत नाही.

कलिंगडाची बी गिळली की पोटात वेल येते, हेही तसंच. काही मुलं नंतर फळच खात नाहीत.

माजघर

पूर्ण पटलं.

परसदार

बी उगवायचीच असेल तर नाव उगवा. ही गंमत पाच दिवस चालते आणि मला सगळ्यांत आवडते, म्हणून सविस्तर.

पसरट ट्रे घ्या, मिठाईच्या खोक्याचं प्लास्टिकचं झाकणही चालतं, पण तळाला चार-पाच भोकं पाडा. त्यात 4 सेंमी बारीक चाळलेली माती, थोडं शेणखत किंवा कोकोपीट मिसळून. माती ओली, पण मुठीत दाबली तर पाणी निघू नये इतपत. संध्याकाळी मुलाला त्यात बोटाने स्वतःचं नाव लिहायला सांगा. 'रोज पाणी घाल, तुझं नाव उगवेल.' मूल हसतं किंवा विश्वास ठेवतं, दोन्ही चालतं.

रात्री मूल झोपल्यावर दोन मोठे चमचे अळीव पाव वाटी पाण्यात वीस मिनिटं भिजवा. अळिवाला बुळबुळीत चिकट आवरण सुटतं, त्याचाच इथे उपयोग आहे. चमच्याच्या मागच्या बाजूने ते बोटाच्या खोबणीत एकेरी थरात भरा आणि वरून चहाच्या गाळणीने 2-3 मिमी कोरडी माती भुरभुरवा. सकाळी काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माती किंचित वर उचलली जाते, चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं नाव तयार.

मेथी किंवा मोहरी का नाही? पाणी घातलं की ती वाहून जागा सोडते. अळीव मातीला धरून राहतो. तरीही तांब्याने पाणी ओतू नका, इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारतो त्या फवाऱ्याने द्या, दिवसातून दोनदा.

देवनागरीचे काही नियम लक्षात ठेवले तर नाव वाचता येतं. अक्षराची उंची निदान 8 सेंमी, रेघ एका बोटाची. शिरोरेषा देऊ नका, ती सगळ्यांत दाट उगवते आणि खालची अक्षरं झाकते. अनुस्वाराला सहा-सात दाणे पुरेत, जास्त घातले तर तो वेगळं झुडूप होतो. वेलांटी उंचच्या उंच काढा, कारण रोपं वाढली की वळण बुजतं. जोडाक्षराचं नाव असेल तर त्याचं लाडाचं दोन अक्षरी नावच लिहू द्या. खिडकीत ठेवलं तर रोपं उजेडाकडे झुकतात आणि सगळं नाव तिरपं होतं, म्हणून ट्रे रोज अर्धा फिरवायचा.

जास्त पाण्याने बुरशी येते, पांढरी जाळी दिसते. नव्या मुळांनाही बारीक पांढरी लव असते, ती बुरशी समजून फेकू नका. फवारा मारल्यावर लव नाहीशी होते, बुरशी तशीच राहते. सहाव्या-सातव्या दिवशी कात्रीने कापून कोशिंबिरीत घाला. किंचित तिखट लागतं, मुळ्यासारखं.

खलबत्ता

सुरीने उचललेला तांब्या. अरुंद गळ्याचा तांब्या, साधारण लिटरभराचा, त्यात कोरडा कच्चा तांदूळ काठोकाठ, म्हणजे जवळपास 800 ग्रॅम. तळहाताने दाबून वर आणखी थोडा भरा. धार नसलेली लांब सुरी किंवा लाकडी पळीची सरळ दांडी घेऊन मध्ये खुपसत राहा, तीस-चाळीस वेळा. दरवेळी तांदूळ आणखी खाली बसतो. एक वेळ अशी येते की दांडी जाईना आणि निघेना. तेव्हा शेवटचं खोल खुपसून सावकाश उचलायचं. अख्खा तांब्या उचलला जातो.

दाणे एकमेकांत अडकून दांडीला आणि तांब्याच्या भिंतीला रेटतात, ते घर्षण वजन पेलतं. पसरट तोंडाच्या पातेल्यात कधीच होत नाही, दाण्यांना वर सरकायला जागा मिळते. खाली निमुळती होणारी दांडी निसटते. काचेची बाटली घेऊ नका, आतून दाब येऊन तडकू शकते. खाली गोधडी अंथरून वीतभरच उचला. लांब सडक बासमतीपेक्षा जाडसर, लहान दाण्याचा तांदूळ लवकर पकड घेतो.

बाबांच्या हातून तांब्या उचलला गेला की मूल लगेच मागतं. तयार तांब्या देऊ नका, रिकामा करून द्या. दांडी कधी अडेल, याची वाट बघणंच त्यात गमतीचं आहे.

खारीचा वाटा

अजून काही, थोडक्यात.

रुमालातली काडी: रुमालाच्या दुमडीत आधीच एक दात-कोरणी सरकवून ठेवायची. दुसरी मधोमध ठेवून रुमाल गुंडाळायचा आणि मुलाच्या बोटांत दुमडीतली द्यायची. 'मोड.' कट्‌ आवाज येतो. रुमाल झटकला की अख्खी खाली पडते. जुन्या रुमालाची दुमड घट्ट शिवलेली असते, एका कोपऱ्याचे दोन टाके उसवावे लागतात.

वाटीतलं नाणं: स्टीलच्या खोलगट वाटीत तळाला मेणाने नाणं चिकटवा. मुलाला हळूहळू मागे सरकवत काठाआड नाणं दिसेनासं झालं की थांबवा. पाणी ओता, नाणं वर येतं. न चिकटवता केलं तर पाण्याच्या धारेने नाणं सरकतं आणि मुलाला तेच कारण वाटतं. मुलाने मान हलवली तरी फसतं, हनुवटी टेबलावर टेकवायला सांगा.

कच्चं अंडं ओळखणं: दोन्ही गरगर फिरवा, बोटाने क्षणभर थांबवून लगेच सोडा. कच्चं पुन्हा फिरू लागतं, कारण आतला द्रव थांबलेला नसतो. उकडलेलं थांबून राहतं. दोन्ही अंडी सारखीच गार हवीत, नाहीतर मूल हात लावून ओळखतं.

सागरगोटे

सागरगोटा फरशीवर किंवा दगडावर पाच-सहा वेळा घासून मुलाच्या हाताला लावायचा, हा चटका कुणी लिहिला नाही. करडी, टणक बी. तिचं कवच उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून घासलेली बाजूच तेवढी तापते. गुळगुळीत टाइल्सवर घासून काही होत नाही, शहाबादी फरशी किंवा पायरीचा दगड लागतो. चिंचोकाही चालतो, पण कमी तापतो.

आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, मगच मुलाच्या तळहाताला. गाल, मान, पाय नाही. दहा-बारा वेळा घासलेला खरोखर भाजतो. मूल पाच वर्षांचं असेल तर त्याच्याकडूनच घासून घ्या आणि चटका आपल्याला लावायला द्या, ते जास्त खूश होतं.

नवीन पान

उंदीर केला, पण उलटा करत गेल्यावर दोन टोकांऐवजी एकच बाहेर आलं. काय चुकलं असेल?

धागा काढणारी

नवीन पान, बहुतेक दोन्ही टोकं मध्ये आणताना एकमेकांवर चढली नाहीत, किंवा पहिली वळकटी सैल झाली. सैल वळकटीत एक टोक आत गुरफटून राहतं. ओढून काढायचा प्रयत्न करू नका, पूर्ण उलगडा. दुसऱ्या वेळी गुंडाळताना वळकटी अंगठ्याखाली दाबून धरा आणि कोपरे नीट चढले आहेत का, ते पालथं करण्याआधी बघा. दोन्ही कोपरे वळकटीच्या मधोमध असायला हवेत.

आणि रुमालाला आधी इस्त्री करू नका. चुरगळलेला जास्त चांगला धरतो.